हळिवाचा आळ

भवानी पेठेत कुणाच्या घरी बाळंतीण आली की दोन-तीन दिवसांत त्या घरातलं कुणीतरी सोजरबाईच्या दारात उभं राहायचं. "मावशी, पोरगी झाली," एवढंच सांगायचं. पुढचं सोजरबाई विचारायची. नॉर्मल का सिझर? दूध उतरलं का? पोट साफ होतंय का? पहिलटकरीण का दुसरी खेप? ती तिथंच उंबऱ्यावर बसून ऐकून घ्यायची आणि मग लाडू ठरायचे. कुणाला डिंकाचे, कुणाला मेथीचे, आणि दूध कमी असलेल्या बाईला हळिवाचे.

हळिवाच्या लाडवात तिचा हात धरणारं पेठेत कुणी नव्हतं. तिळाहून बारीक, विटकरी रंगाचं ते बी ती नारळाच्या पाण्यात भिजत घालायची. दोन तासांत दाणा न् दाणा फुगायचा, प्रत्येकाभोवती काचेसारखा बुळबुळीत पडदा धरायचा. मग त्यात खोवलेलं खोबरं, गूळ, शेवटी जायफळ. बाजारातला हळीव ती घ्यायची नाही. "जुना असतोय. फुलत न्हाय," म्हणायची. तिचा भाऊ बिरप्पा मंगळवेढ्याच्या पुढं शेतात राहायचा. मेंढरं होती, थोडी ज्वारी होती. ज्वारीच्या कडेनं बहिणीसाठी म्हणून तो चार ओळी हळिवाच्या टाकायचा, आणि उन्हाळा लागता लागता पिशवी भरून पाठवायचा.

कंबर धरली, खोकला हटत नाही, अंगात रक्त नाही, या सगळ्यावर सोजरबाई हळीव सांगायची. पण पोटुशी बाईला मात्र ती त्याचा एक दाणा देत नसे. थोरल्या बहिणीचे लाडू न्यायला आलेल्या एखाद्या गरवार पोरीनं चव बघू का विचारलं, तर ताट मागं ओढायची. "तुझी येळ आल्यावर तुला निराळं करून दीन. हळीव गरम असतोय. आत्ता न्हाय."

नवरा गेला तेव्हा तिचा मुलगा अभिमन्यू आठवीत होता. या लाडवांवरच तिनं त्याला वाढवलं. तो आता टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. बायको रेश्मा, मोडनिंबची. साऱ्या पेठेतल्या बाळंतिणींचं करणाऱ्या सोजरबाईच्या घरात मात्र पाळणा हलत नव्हता. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. रेश्मालाही कुणी बोललेलं तिला खपत नसे.

सातव्या वर्षी रेश्माला दिवस गेले. त्या दिवशी सोजरबाईनं पहिलं काम काय केलं, तर हळिवाचा डबा स्वयंपाकघरातून उचलून पुढच्या खोलीत नेला आणि रेश्माला बजावलं, "ह्या डब्याला तू हात लावू नगं."

चौथ्या महिन्यात रक्त तपासलं, ते फार कमी निघालं. डॉक्टर मॅडमनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी घेतली की अर्ध्या तासात रेश्माला उलटी व्हायची. आठवडाभर तिनं काढलं, मग ती गोळ्या घेतल्यासारखं करू लागली. अभिमन्यू रोज कामावरून आला की विचारायचा, "गोळी घेतली?" ती हो म्हणायची. त्याच्या डोळ्यांत इतका आनंद असायचा, की गोळ्या सोसत नाहीत हे सांगायला तिची जीभ रेटत नसे. अशात मोबाइलवर तिनं एका बाईचं बोलणं ऐकलं. चमचाभर हळीव दुधात भिजवून खा, महिन्यात रक्त वाढतं, ती बाई हसत हसत सांगत होती. गरोदर बाईनं खावा की नाही, हे त्या बाईनं सांगितलं नव्हतं. सासूला रेश्मा आत्या म्हणायची. तिला वाटलं, आत्यांचं जुन्या काळचं आहे. विचारलं तर त्या नाहीच म्हणणार. दुपारी सोजरबाई लाडू पोचवायला बाहेर पडली की ती चमचाभर हळीव काढायची, दुधात भिजवायची, आणि सासू यायच्या आत पेला विसळून ठेवायची. असे तीन आठवडे गेले.

पाचवा महिना संपत आला होता. मे महिन्यातली दुपार. रेश्माची पाठ सकाळपासून दुखत होती, तीनच्या सुमाराला अंगावर पाणी गेलं. सोजरबाईनं समोरच्या श्रीदेवीला हाक मारली, रिक्षा आली, दवाखाना गाठला. अभिमन्यू कारखान्यातून पोचला तोवर सगळं संपलं होतं. मुलगा होता. नर्सनं पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दाखवला. अभिमन्यूनं बघितलं आणि लगेच तोंड फिरवलं. सोजरबाईनं मात्र पुढं होऊन फडकं बाजूला केलं, त्याची बोटं मोजली, आणि पुन्हा झाकलं.

मग डॉक्टर मॅडम कागद घेऊन आल्या. ताप आला होता का, पडलात का, कुठं प्रवास केला का, असं एकेक विचारत त्यांनी विचारलं, "काही काढा, गावठी औषध, काही गरम खाण्यात आलं होतं?"

नर्स ओळखीची होती. तिच्याच बाळंतपणात सोजरबाईचे लाडू गेले होते. ती सहज म्हणाली, "मॅडम, ह्याच त्या लाडूवाल्या मावशी. हळिवाचे लाडू करतात."

अभिमन्यूनं वळून आईकडं बघितलं.

"आई, तू हिला हळीव दिलास?"

"न्हाय रे. मी कशाला—" सोजरबाई म्हणाली, आणि बोलता बोलता तिची नजर पलंगाकडं गेली. रेश्मानं भिंतीकडं तोंड केलं होतं. तिच्या मुठीत चादर गच्च आवळली होती आणि मानेवरची शीर उडत होती.

आठवडाभरापूर्वी मोरीत एक स्टीलचा पेला सोजरबाईच्या हाताला बुळबुळीत लागला होता. काठाला दोन फुगलेले दाणे चिकटले होते. आपलाच असेल, आपणच नीट विसळला नसेल, असं म्हणून तिनं तो घासून टाकला होता. आता तिला तो पेला कळला.

"व्हय," ती म्हणाली. "मीच दिला. रगत कमी हाय म्हनून दिला."

डॉक्टर मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. अभिमन्यू ओरडला नाही. तो आईला व्हरांड्यात घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "साऱ्या पेठेला सांगत होतीस की, पोटुशीला देऊ नका म्हणून. आणि घरात?"



रेश्मा घरी आली. तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. तिला ते कळलंच नाही आधी. पोलकं ओलं का लागतंय म्हणून बघायला गेली आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. सोजरबाईनं ते बघितलं. तिनं तिला उठवलं, छातीला घट्ट पट्टा बांधला, गरम पाणी ठेवलं, तव्यावर ओवा भाजून शेकायला पुरचुंडी केली. ताटात गरम भाकरी, तूप, शेपूची भाजी वाढून आणली. तेवढ्यात अभिमन्यू आत आला. त्यानं ते ताट उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं.

"तुझ्या हातचं काही नको तिला."

"अरे, बाळ गेलं म्हनून काय झालं? बाळंतीणच हाय ती. तिचं करायला नगं व्हय? उद्या हाडं धरत्याली—"

"तू केलंस तेवढं पुरे."

मग त्यानं पुढच्या खोलीतला डबा उचलला आणि तसाच मोरीत पालथा केला. वर्षाचा हळीव होता. वरून त्यानं दोन बादल्या पाणी ओतलं आणि तो बाहेर निघून गेला. तासाभरात हळीव फुगला. मोरीचं भोक बुजलं, पाणी तुंबलं, आणि तो बुळबुळीत लालसर गोळा वर वर येत मोरीच्या कट्ट्यावरून घरात सरकू लागला. सोजरबाई खाली बसून ओंजळीनं तो उपसत होती. हातातून निसटत होता. दोन तास ती उपसत होती. रेश्मा पलंगावरून सगळं बघत होती. आत्ता सांगावं, आत्ता सांगावं, असं तिला वाटत होतं. तिनं तोंडही उघडलं होतं. पण अभिमन्यूच्या पावलांचा आवाज आला आणि तिनं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई मंगळवेढ्याच्या एसटीत बसली. जाताना रेश्माच्या उशाशी वाकून एवढंच म्हणाली, "गार पाण्यात हात घालू नगं."

पेठेत बातमी पसरायला वेळ लागला नाही. लाडूवाल्या बाईनं स्वतःच्या सुनेचंच पोट पाडलं, इथपर्यंत ती गेली. बाळंतिणींची माणसं दुसरीकडं जाऊ लागली. अभिमन्यू रेश्माशी फार मऊ वागू लागला. सकाळी तोच चहा करायचा, तिला जड उचलू द्यायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आईच्या हातून झालं. हिचा बिचारीचा काय दोष?" रेश्माला ते ऐकवत नसे. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगायचं. आणि त्यानं कपबशी पुढं केली की तिचं ठरलेलं विरून जायचं.

आईला त्यानं फोन केला नाही. दिवाळीला तिचाच आला. त्यानं नंबर बघून फोन रेश्माच्या हातात दिला.

"पाठ दुकती का अजून?" सोजरबाईनं विचारलं.

"न्हाय आत्या."

"बरं. अभी जेवतो का येळंवर?"

"व्हय."

 मग सोजरबाईनंच फोन ठेवला.

जानेवारीत रेश्मा त्याच डॉक्टर मॅडमकडं गेली. पुन्हा मूल हवं तर आधी तपासून घ्यावं म्हणून अभिमन्यूनंच तिला पाठवलं होतं. मॅडमनी जुनी फाइल काढली, तपासलं, आणि समजावून सांगितलं. गर्भाशयाचं तोंड मुळातच सैल आहे. वजन वाढलं की ते धरत नाही, उघडतं. पुढच्या खेपेला वेळेवर टाका घालू, बाळ राहील.

रेश्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॅडम, तेव्हा मी हळीव खाल्ला होता. त्यानं झालं न्हवतं?"

"गरोदरपणात हळीव खाऊ नये, हे आम्हीही सांगतो. पण तुमचं त्यानं झालं असं मला वाटत नाही. हे बघा, तेव्हाच लिहिलंय मी." त्यांनी फाइलवर बोट ठेवलं. "तुमच्या मिस्टरांना म्हटलं होतं, महिन्यानं घेऊन या, सगळं समजावते. तुम्ही आलाच नाहीत."

रेश्मा दवाखान्याच्या बाकावर बराच वेळ बसून राहिली. मग घरी न जाता तिनं एसटी स्टँड गाठलं. बेगमपूरचा पूल गेला, भीमेत पाणी कमी होतं. मंगळवेढ्याहून शेअर रिक्षानं ती बिरप्पाच्या शेतावर पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. बिरप्पाची बायको अंबुबाई चुलीपुढं होती. तिनं नुसतंच मागच्या अंगाला बोट दाखवलं.

सोजरबाई मेंढरांच्या वाघरीच्या जाळीपाशी बसली होती. एका नुकत्या व्यालेल्या मेंढीला मांडीशी धरून ती तिला कसलंसं वाटण चाटवत होती. ती खूप वाळली होती. रेश्माला बघून ती उठायला गेली, पण मेंढी सोडवेना.

"एकटीच आलीस? अभी बरा हाय न्हवं?"

"आत्या, मी खाल्ला होता," रेश्मा म्हणाली. ती उभीच होती. "तुमी न्हाय दिला. मी चोरून खाल्ला."

"बस की आदी."

"तुमाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग का अंगावर घेतलंत?"

सोजरबाईनं मेंढीच्या तोंडातलं वाटण संपू दिलं. तिला सोडलं, हात पुसले. "तुझ्यावर राग धरला असता त्यानं. बायकूवरचा राग घरातच ऱ्हातो पोरी, रोज ताटावर बसतो. आईवरचा काय, पंधरा दिसात जातोय, असं मला वाटलं." तिनं बोटांवर महिने मोजले. "चुकलं माझं. आठ म्हयनं झालं की."

रेश्मा खाली बसली आणि रडू लागली. डॉक्टर मॅडम काय म्हणाल्या ते तिनं तसंच रडत रडत सांगितलं. सोजरबाईनं ते दोनदा विचारून घेतलं. टाका कुठं घालतात, कितव्या महिन्यात घालतात. मग म्हणाली, "म्हंजी हळिवानं न्हाय झालं."

"न्हाय."

"बरं झालं. मला वाटायचं, मीच डबा नीट झाकून ठेवला न्हाय." तिनं डोळ्याला पदर लावला. "एवढंच वाईट वाटतं बघ. सारी पेठ मला इचारून खाती. तू माझ्या घरातली. तू इचारलं न्हाईस."



अंबुबाईनं चुलीवर दूध ठेवलं होतं. सोजरबाई उठून गेली, त्यात भिजलेला हळीव घातला, ढवळत बसली, भांडं खाली उतरवून थोडं निवल्यावर गूळ घातला. वाटी पुढं करण्याआधी तिनं विचारलं, "पाळी कदी आली?"

"परवाच संपली."

"मग खा."

रेश्माचा हात वाटीपर्यंत गेला आणि थांबला. सोजरबाईनं चमचा घेतला, आधी स्वतः खाल्ला, आणि मग तिला भरवला. शेवटच्या एसटीला वेळ होता. तेवढ्यात तिनं तिला घोंगड्यावर पालथं निजवलं आणि कोमट तेलानं तिची पाठ चोळली. "कंबर धरलीया," ती पुटपुटली. "तवाच चोळाया पायजे हुती."

त्या रात्री रेश्मानं अभिमन्यूला सगळं सांगितलं. तो हात धुवून जेवायला बसला होता. ऐकता ऐकता त्याचा हात ताटातच राहिला.

"आईला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"दवाखान्यातच कळलं त्यांना."

तो तिला एक शब्दही वाईट बोलला नाही. उठून त्यानं शर्ट घातला, दारापर्यंत गेला, परत आला, शर्ट काढून खुंटीला लावला. 

रविवारी तो एकटाच गेला. सोजरबाई शेताच्या कडेला हळीव खुरपत होती. तो बांधावर उभा राहिला. काय बोलायचं ते वाटेत त्यानं घोकलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "आई, चल घरी."

"जेवलास का?"

"तू चल आधी."

"न्हाय रे बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "हितं बरं हाय मला."

"मी हळीव मोरीत ओतला, तुला नको ते बोललो. चुकलं माझं."

"त्याचं न्हाय काय. पोर गेलेलं माणूस कायबी करतंय." तिनं खुरपं खाली ठेवलं. "पर तू मला एकदाच इचारलंस. मी व्हय म्हणले आन् तू लगी खरं मानलंस. चाळीस वर्सं मी हे करती. कदी कुण्या पोटुशीला दिलेला बघितलावतास? माझी आई असं करंल व्हय, एवढं तुझ्या मनात यायला पायजे हुतं. मी वाट बघत हुते. आज यील, उद्या यील, म्हनंल, आये खरं सांग."

अभिमन्यू बांधावरच बसला. तिनं त्याला रडू दिलं. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अंबुबाईला हाक मारून ताट वाढायला सांगितलं. त्यानं भाकरी खाल्ली, पाणी प्याला, पुन्हा एकदा म्हणाला, "चल." तिनं मान हलवली. "तू येत जा," ती म्हणाली. तो दर पंधरवड्याला जाऊ लागला. ती त्याला पोटभर खाऊ घालायची, रेश्मासाठी काहीबाही बांधून द्यायची, पण एसटीत बसायची नाही.

रेश्मानं ठरवलं की पेठेत सगळ्यांना खरं सांगायचं. ती पहिल्यांदा समोर श्रीदेवीकडं गेली. श्रीदेवी टॉवेलांच्या कडा शिवत होती. रेश्मानं मशीनजवळ उभं राहून सगळं सांगितलं. गोळ्या, मोबाइल, पेला, डॉक्टर मॅडमची फाइल.

श्रीदेवीनं मशीन थांबवलं. तिचे डोळे भरून आले होते.

"किती गं गुणाची तू," ती म्हणाली. "सासूनं एवढं करूनसुद्धा तिचं पाप आपल्या अंगावर घेतेस."

"न्हाय वहिनी, खरंच मी खाल्ला होता."

"असू दे, असू दे. आमाला कळतंय की." श्रीदेवीनं तिच्या पाठीवर थोपटलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

त्या गल्लीत आणखी सात-आठ घरं होती. रेश्मा एकेका दारात गेली. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी मध्येच दुसरा विषय काढला. दोघी-तिघींनी तिला चहा पाजला. ज्यांनी विश्वास ठेवला त्यांनाही आता लाडू दुसरीकडून मिळत होते. गल्लीच्या टोकाला पोचल्यावर तिनं मागं वळून बघितलं. टॉवेल विणणाऱ्या मागांचा खडखडाट चालूच होता. पुढच्या गल्लीत जायचं की नाही, हे न ठरवताच ती चालत राहिली.